कधीतरीच्या सुतारकामाला स्वस्त यंत्र घ्यावे का?



सुक्कोत जवळ आला, नवीन घरात राहावयास गेले किंवा घरात फळी बसवावयाची निघाली की आपल्यापैकी पुष्कळांच्या मनात एकच प्रश्न येतो. दुकानात विजेची करवत आणि ड्रिल मशीन स्वस्तात मिळत आहे. वर्षातून तीनचार वेळाच लागणार. घ्यावे की न घ्यावे? कोणी म्हणतो, स्वस्तातले शेवटी महागात पडते. कोणी म्हणतो, कपाटात पडून राहणाऱ्या वस्तूला भारी किंमत कशाला द्यावी? दोन्ही म्हणणी अर्धी खरी आहेत. म्हणून या पाठात आम्ही सर्व यंत्रांना एकच उत्तर देणार नाही. कोणते यंत्र स्वस्त चालते, कोणते चालत नाही, आणि का, हे समजून घेऊ या.

१. यंत्र फक्त फिरते, की दिशाही देते?

सुतारकामात दोन गोष्टी लागतात: जोर आणि अचूकपणा. हातकरवतीत दोन्ही आपल्या हातातून येतात. विजेचे यंत्र जोर तर देतेच, पण काही यंत्रे अचूकपणाही आपल्याकडे घेतात.

ड्रिल मशीन फक्त टोक फिरवते. भोक कोठे पाडावयाचे आणि टोक सरळ धरावयाचे, हे आपण ठरवतो. याउलट टेबलावर बसवलेल्या गोल करवतीत आपण फळी एका पट्टीला टेकवून पुढे सरकवतो. काप सरळ येईल की तिरपा, हे ती पट्टी ठरवते. चौकटीचे कोपरे कापणाऱ्या करवतीचेही तसेच.

आमचे म्हणणे थोडक्यात असे. जेथे यंत्र फक्त फिरते तेथे स्वस्त चालेल. जेथे यंत्राचे अंगच कापाला दिशा देते तेथे स्वस्त घेऊ नये.

२. स्वस्त यंत्रात पैसे कोठे वाचवलेले असतात?

बहुधा मोटरच्या ताकदीत नाही. डब्यावर लिहिलेले वॅट म्हणजे यंत्र वीज किती खाते तो आकडा. पात्याला किती जोर मिळतो तो नव्हे. म्हणून नुसत्या वॅटवर भुलू नये.

पैसे वाचवलेले असतात ते आत. दांडा बॉल बेअरिंगऐवजी साध्या बुशवर फिरतो. बुश झिजला की पाते हलू लागते. तळाची पट्टी जाड ओतीव धातूची नसून पातळ पत्र्याची असते आणि एकदा पडली की वाकते. कोन धरणारा स्क्रू घट्ट बसत नाही. मोटरमधील कार्बन ब्रश झिजल्यावर बदलता येतील अशी सोय कधी असते, कधी नसते. दुकानात विचारावे, ब्रश आणि सुटे भाग मिळत असतील तर ते यंत्र अधिक वर्षे चालेल.

वर्षातून तीन वेळा, प्रत्येक वेळी दहा मिनिटे काम करणाऱ्याचा बुश झिजावयास पुष्कळ काळ लागेल. पण वाकडी पट्टी पहिल्या दिवसापासूनच वाकडी असते. कधीतरीच्या कामाला टिकाऊपणाची उणीव चालते, अचूकपणाची चालत नाही, हा भेद ध्यानात ठेवावा.

३. एका अंशाचा हिशेब

पट्टी एक अंशाने तिरपी आहे असे समजा. डोळ्याला ते दिसतही नाही. पण ६० सें.मी. रुंद फळीत तो फरक सुमारे १ सें.मी. होतो. कपाटाचे दार अशा फळीवर बसणार नाही.

आता चौकट घ्या. चार बाजू म्हणजे ४५ अंशांचे आठ काप. प्रत्येक काप एकाच बाजूस एक अंशाने चुकला तर तीन कोपरे दाबून मिटवल्यावर चौथ्या कोपऱ्यात आठ अंशांची फट राहते. मग माणूस स्वतःच्या हाताला दोष देतो आणि सुतारकाम सोडून देतो. दोष हाताचा नसतो.

याहून गंभीर गोष्ट पुढे आहे. टेबलाच्या करवतीत पट्टी पात्याला समांतर नसेल तर लाकूड पट्टी आणि पाते यांच्यामध्ये आवळले जाते. पात्याच्या मागच्या बाजूचे दाते ते उचलून कापणाऱ्याच्या अंगावर फेकतात, आणि त्या झटक्यात हात पात्याकडे ओढला जाऊ शकतो. म्हणजे या यंत्रात अचूकपणा हाच सुरक्षितपणा आहे. स्वस्तातली टेबल करवत घरी आणू नये, असे आम्ही स्पष्ट सांगतो.

४. एकेका यंत्राचा विचार

ड्रिल मशीन: येथे ज्याला मकदेखा म्हणतात ते. पिस्तुलासारखी मूठ आणि बोटाने दाबावयाची कळ असलेले ड्रिल अमेरिकेत ब्लॅक अँड डेकर यांनी काढले. त्याचे पेटंट १९१७ साली मिळाले. शंभर वर्षांहून जुनी ही रचना स्वस्तातही बरी जमते. घरात एकच यंत्र घ्यावयाचे तर हेच घ्यावे. वेग कमीजास्त करता येईल आणि उलटे फिरेल असे पाहावे; म्हणजे स्क्रू बसवता व काढता येतो. काँक्रीटच्या भिंतीला मात्र ठोके देणारे यंत्र लागते. एक दिवसाच्या कामाला ते भाड्याने किंवा शेजाऱ्याकडून आणावे.

जिगसॉ: बारीक उभ्या पात्याची करवत. वळणाच्या कापासाठी आणि पातळ फळीसाठी स्वस्तातली चालते. जाड लाकडात तिचे पाते खाली तिरपे जाते, म्हणून तेथे तिच्यावर भरवसा ठेवू नये.

हातात धरावयाची गोल करवत: ही मधली. फळीवर एक सरळ रीप क्लॅम्पने आवळून तिच्या कडेने करवत चालवली तर सरळपणा रिपेतून येतो, यंत्रातून नव्हे. म्हणून स्वस्तातली चालू शकते, पण दुकानात चार गोष्टी तपासूनच. तळपट्टी सपाट आहे ना? पाते तळपट्टीशी काटकोनात आहे ना? (गुण्या बरोबर न्यावा.) पाते हाताने हलवून पाहता खेळते का? आणि खालचे झाकण उघडून सोडल्यावर आपोआप, झटकन मिटते का? झाकण अडकत असेल तर ते यंत्र फुकट मिळाले तरी घेऊ नये.

५. पैसे पात्यावर खर्च करावे

यंत्राबरोबर येणारे पाते पुष्कळदा कमी दात्यांचे आणि साधारण असते. यंत्र स्वस्त आणि पाते चांगले, ही जोडी महाग यंत्र आणि बोथट पाते या जोडीपेक्षा बरी कापते. १९० मि.मी. पात्याला लाकडाच्या रेषेच्या दिशेने कापावयास २४ दाते पुरतात. आडवे कापावयास आणि प्लायवूडला ४० किंवा अधिक हवेत. पाते विकत घेताना मधल्या भोकाचे माप यंत्राशी जुळते का, आणि पात्यावर छापलेला कमाल वेग यंत्राच्या वेगाहून कमी नाही ना, हे पाहावे.

जिगसॉचे नेहमीचे पाते आणि हातातली गोल करवत खालून वर कापतात. त्यामुळे ढलप्या वरच्या बाजूला निघतात. म्हणून फळीची दर्शनी बाजू खाली ठेवावी.

६. विजेविषयी

इस्राएलमध्ये वीज २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ आहे. भारतातही तीच. तेथून आणलेले यंत्र येथे चालते, प्लग मात्र जाणत्या माणसाकडून बदलून घ्यावा. अमेरिकेतील नातेवाइकांनी दिलेले १२० व्होल्टचे यंत्र येथे सरळ लावले तर जळेल.

यंत्रावर चौकोनात चौकोन असे चिन्ह असेल तर दुहेरी आवरण आहे असे समजावे. शिवाय घराच्या वीजफलकावर गळती होताच वीज तोडणारा रिले आहे ना, हे पाहून त्याची चाचणीची कळ दाबून पाहावी.

दोरीचे घ्यावे की बॅटरीचे? कधीतरी काम करणाऱ्याला आम्ही दोरीचे सुचवतो. लिथियम बॅटरी न वापरताही वर्षांबरोबर म्हातारी होते आणि नवी बॅटरी कधी कधी यंत्राइतकीच महाग पडते. दोरीचे ड्रिल पाच वर्षे कपाटात राहिले तरी काढल्याबरोबर फिरते.

७. वखारीचा तिसरा मार्ग

घ्यावे की न घ्यावे याशिवाय आणखी एक मार्ग आहे. लाकडाच्या पुष्कळ दुकानांत फळ्या मापाप्रमाणे कापून देतात. त्यांच्या मोठ्या करवतीचा काप घरच्या स्वस्त यंत्राच्या कापाहून सरळ असतो. ते यंत्र आपण विकत घेऊ शकत नाही, पण त्याचा काप घेऊ शकतो.

पुस्तकांच्या मांडणीचे उदाहरण घ्या. दोन उभ्या फळ्या आणि चार आडव्या. मापे कागदावर लिहून नेली की सहाही तुकडे कापून मिळतात. घरी उरते ते भोके पाडणे आणि स्क्रू आवळणे. ४ मि.मी.च्या स्क्रूसाठी वरच्या फळीत ४ मि.मी.चे आणि खालच्या लाकडात, पाइन असेल तर, २.५ मि.मी.चे भोक पाडावे. म्हणजे फळी चिरत नाही.

सुक्क्याचा सांगाडाही असाच. ५ सें.मी. चौरस दांडा चांगल्या हातकरवतीने दोनतीन मिनिटांत कापला जातो, आणि तो एकदाच कापावा लागतो. ८ मि.मी.च्या बोल्टसाठी ९ मि.मी.ची भोके पाडावी आणि प्रत्येक दांड्यावर क्रमांक लिहावा. पुढल्या वर्षी पाना तेवढा लागेल, करवत नाही.

८. हात सांभाळा

कोकणात आपल्या लोकांत घाण्यावर तेल काढणारे होते तसे सुतारकाम करणारेही होते. त्यांची करवत हात थांबला की थांबत असे. विजेची करवत कळ सोडल्यावरही काही क्षण फिरत राहते. म्हणून हे नियम पाळावे:

पाते किंवा टोक बदलण्यापूर्वी प्लग काढावा. लाकूड क्लॅम्पने बांधावे, गुडघ्याने दाबू नये. गोल करवतीचे पाते फळीच्या खाली थोडेच, काही मिलिमीटर, निघेल असे ठेवावे. फळी दोन टोकांवर ठेवून मध्ये कापू नये; ती मध्ये वाकून पाते आवळते आणि करवत मागे उसळते. कापलेला तुकडा मोकळा पडला पाहिजे. पदर, ओढणी, सैल बाह्या आणि मोकळे केस आवरावे. फिरणाऱ्या यंत्रापाशी हातमोजे घालू नयेत. ते हाताला आत ओढतात. चष्मा, कानांचे संरक्षण आणि तोंडावर धुळीचा मास्क हवा. लाकडाची धूळ कर्करोगकारक असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ साली नोंदवले आहे. आणि दुपारी दोन ते चार शेजाऱ्यांना झोपू द्यावे.

उजळणीचे प्रश्न

१. स्वस्त ड्रिल चालते, पण स्वस्त टेबल करवत का चालत नाही?
२. एक अंशाची चूक ६० सें.मी. फळीत किती होते?
३. गोल करवत घेताना दुकानात कोणत्या चार गोष्टी तपासाव्या?
४. जिगसॉने कापताना दर्शनी बाजू खाली का ठेवावी?
५. आपल्या घरातील पुढील कामाची यादी करा. त्यातील किती काप वखारीत करून घेता येतील आणि किती भोके घरी पाडावी लागतील, ते लिहा. यंत्र घ्यावे की नाही, याचे उत्तर त्या यादीतच मिळेल.