पुढच्या गावापुरती दुरुस्ती

मनू, बॅग बाजूला ठेव आणि हत्यारांची ती पिशवी इथे सतरंजीवर उलटी कर. चकचकीत किट घेतलंस ते चांगलं, पण यातले निम्मे पाने तुझ्या गाडीला लागतच नसतील. आधी मागच्या चाकाच्या ॲक्सलचा नट बघ. त्याला बसणारा पाना नसेल, तर बाकीचं सामान नुसतं ओझं आहे.

मनाली-लेह रस्ता आता सोपा झाला, अटल बोगदा झाला, असं सगळे सांगतील. खरं आहे, २०२० पासून रोहतांग खिंड चढावी लागत नाही. पण केलाँगच्या पुढे दारचा, सरचू, पांग करत जाताना जे मेकॅनिक भेटतील ते नशिबाने. तिथे करायची ती दुरुस्ती पुढच्या गावापुरती, एवढं धरून चाल.

सगळ्यात जास्त गाठ पडते पंक्चरशी, आणि तुझी चाकं स्पोकची, ट्यूबवाली. ट्यूबलेसवाल्यांसारखी दोरी खुपसून निघता येणार नाही. चाक काढलंस की टायर रिमला असा चिकटलेला असतो की लिव्हर आत शिरत नाही. मग दुसऱ्या गाडीचं साइड स्टँड त्या टायरच्या कडेवर टेकवायचं आणि ती गाडी हळूच त्या बाजूला कलवायची. तिच्या वजनाने कड सुटते. ट्यूब बाहेर आली की टायरच्या आतून फडकं फिरव, बोटं नको. खिळा अजून तिथेच असतो आणि नवी ट्यूबही फोडतो. नवी ट्यूब घालण्याआधी तिच्यात चिमूटभर हवा भर, म्हणजे ती पिळवटत नाही आणि लिव्हरखाली चिमटत नाही. हे सगळं मोरेच्या पठारावर, साडेचार हजार मीटरच्या वर करायचं म्हणजे पंप मारताना धाप लागते. म्हणून आज रात्रीच खाली पार्किंगमध्ये एकदा चाक काढून बसव. वॉचमनकाका हसले तर हसू देत.

क्लच केबल तुटलीच तर गाटा लूप्सच्या एकवीस वळणांवर तुटेल, असं समजूनच चाल. नवी केबल डिकीत ठेवू नकोस. जुन्या केबलच्या शेजारून ओढून झिप टायने बांधून टाक; वेळ आली की फक्त दोन टोकं जोडायची. पडून लिव्हर मोडला, तर उरलेल्या खुंटाला व्हाइस ग्रिप पक्कड घट्ट लाव. दिसायला ध्यान दिसेल, पण क्लच दाबला जाईल.

दगड लागून इंजिनच्या खालून तेल झिरपायला लागलं तर एम-सील. पण तेलकट पत्र्यावर ते धरत नाही. आधी पेट्रोलच्या फडक्याने पूस, इंजिन थंड असतानाच हं, मग पॉलिश पेपरने घास. थंडीत ते मळलंही जात नाही, म्हणून आधी थोडा वेळ खिशात ठेवून ऊब दे. सुकायला मैदानातल्यापेक्षा जास्त वेळ लागतो. घाई केलीस तर पहिल्याच खड्ड्यात सुटेल. पेट्रोलच्या टाकीला बारीक चीर गेली तर अंगाला लावायचा साबण ओला न करता चोळून बसव. पेट्रोलमध्ये साबण विरघळत नाही. ट्रकवाल्यांचा हा जुना उपाय.

नाल्यांचं मात्र नीट ऐक. दुपारी ऊन चढलं की बर्फ वितळून पाणी वाढतं, म्हणून सकाळीच ओलांडायचे. पाण्यात गाडी बंद पडली तर स्टार्टरला हात लावायचा नाही. इंजिनात पाणी गेलं असेल तर ते दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. ढकलून बाहेर काढ, प्लग काढ, मग स्टार्टर मारून पाणी बाहेर फेकू दे. एअर फिल्टर वाळव. ऑइल दुधाळ दिसलं तर तिथेच थांबायचं.

फ्यूज उडाला तर तितक्याच अँपिअरचा लाव. चांदीच्या कागदाचा शहाणपणा कुणी शिकवला तर हसून सोडून दे, वायरिंग जळतं. ब्रेक, हँडल आणि टायरची बाजूची भिंत, या तिन्हींवर तर जुगाड करायचाच नाही. गाडी ट्रकवर चढव. ड्रायव्हरला ‘उस्तादजी’ म्हण, चहा पाज, पैसे आधी ठरव.

रस्त्यात थांबलीस की बुलेटवाले दादालोक जमतील. ‘मॅडम, आप हटिए’ म्हणतील. मदत जरूर घे, माणसं चांगली असतात. पण पाना हातातून सोडू नकोस, आणि ते गेल्यावर प्रत्येक नट स्वतः तपास. त्यांना निघायची घाई असते, गाडीवर बसायचंय तुला.

आणि डोकं जड झालं, मळमळलं, बोलताना अडखळायला लागलीस, तर गाडी तिथेच राहू दे आणि खाली उतर. उंचीवर माणूस आधी दुरुस्त करायचा.

लेहला पोहोचलीस की हॉटेलच्या आधी मेकॅनिककडे जा. कुठे काय चिकटवलंय, कुठे तार बांधलीये, एकूण एक सांग. ‘चालतंय की, राहू द्या’ असं त्याला म्हणू नकोस. पार्ट मिळाला नाही तर दोन दिवस जास्त राहा. ऑफिसचं काय ते नंतर बघू, पैसे कमी पडले तर मला फोन कर, आईला नको.