पानं किती? : केटरिंगच्या ऑर्डरचं वेब अ‍ॅप



मुलांना वेब अ‍ॅप शिकवायचं तर उदाहरण घरातलंच घ्यावं. मुंज ठरली की केटरर पहिला प्रश्न विचारतो, "पानं किती?" आजचा पाठ या एकाच प्रश्नाचा.

कृती १ : फॉर्ममध्ये मजकुराचे दोन रकाने करा, 'पाहुणे' आणि 'घरचे'. इंग्रजी अंकांत १२० आणि ३० भरा. पानाला दर २०० रुपये. आता जावास्क्रिप्टमध्ये दोन्ही रकान्यांची बेरीज करून दराने गुणा.

बिल ३०,००० रुपये यायला हवं. येतं २४,०६,००० रुपये! वर्गात हशा पिकतो. हसू द्या, मग विचारा, असं का झालं?

कारण रकान्यात भरलेलं जावास्क्रिप्टला मजकूर म्हणून मिळतं. दोन मजकुरांमध्ये अधिक चिन्ह आलं की ते एकापुढे एक चिकटतात, म्हणून १२०३०. गुणाकार करताना मात्र त्याच मजकुराचा आपोआप आकडा होतो. त्यामुळे चुकीची सूचना कुठेच दिसत नाही.

कृती २ : बेरजेआधी दोन्ही किमती 'नंबर' या फंक्शनमधून काढा. आता १५० पानं बरोबर येतात.

झालं का काम? नाही. आता पाहुण्यांचा रकाना मोकळा सोडा. हे फंक्शन मोकळ्या रकान्याला शून्य समजतं. बिल येतं ६,००० रुपये, पानं ३०. यावर कुणी हसत नाही, कारण आकडा खरा वाटतो. पण मुंजीच्या दिवशी १२० पाहुणे ताटकळत बसतील. मोठी चूक लगेच डोळ्यांत भरते, ही चूक थेट पंगतीतच कळते.

आणि कुणी देवनागरी अंकांत १२० लिहिलं तर? तो या फंक्शनला आकडाच वाटत नाही, बिलाच्या जागी 'नॅन' येतं. म्हणजे मराठी माणसासाठी अ‍ॅप करायचं तर देवनागरी अंक आधी बदलून घ्यावे लागतील.

कृती ३ : मोकळा रकाना, ऋण आणि अपूर्ण संख्या अडवा. ऑर्डर पक्की करण्याआधी अ‍ॅपने विचारावं, "पाहुणे एकशे वीस, घरचे तीस, एकूण दीडशे पानं. बरोबर?" अनुभवी केटररही आकडा असाच परत म्हणून घेतो.

गृहपाठ : पालकांनी घरच्या एखाद्या कार्यातले खरे आकडे मुलांना द्यावेत. मुलांनी आधी तोंडी हिशोब करावा, मगच अ‍ॅपचं उत्तर पाहावं.