मुक्तिवेग आणि त्रिज्या



मुक्तिवेग काढायला ग्रहाचे वस्तुमान शोधत बसू नकोस. पृष्ठभागावरचे गुरुत्वत्वरण आणि त्रिज्या यांचा गुणाकार कर, तो दुप्पट कर आणि वर्गमूळ घे. पृथ्वीसाठी ९.८ आणि ६३,७१,००० मीटर घेतलेस की सेकंदाला ११.२ किलोमीटर येतात. वस्तुमानाचे सूत्रही बरोबरच आहे. पण गुरुत्वत्वरण साध्या लंबकाने मोजता येते, पृथ्वीच्या वस्तुमानासाठी मात्र कॅव्हेंडिशच्या १७९८ सालच्या प्रयोगापर्यंत थांबावे लागले. जे हाताशी मोजता येते तिथून विचार सुरू करावा, असे माझे ठाम मत आहे.

इथे एक चूक हमखास होते. ओढ सारखी म्हणजे मुक्तिवेगही सारखा, असे धरून त्रिज्या विसरली जाते. बुध आणि मंगळ शेजारी मांडून बघ. गुरुत्वत्वरण दोन्हीकडे जवळजवळ ३.७. तरी बुधावरून सुटायला सेकंदाला सव्वाचार किलोमीटर पुरतात, मंगळावरून पाच लागतात. ओढ घटते ती केंद्रापासूनच्या अंतराच्या वर्गाप्रमाणे. बुधाची त्रिज्या २,४४० किलोमीटर. तेवढे वर गेले की अंतर दुप्पट आणि ओढ पाव. मंगळाची त्रिज्या ३,३९०. तिथे तेवढ्याच उंचीवर एक तृतीयांश ओढ अजून शिल्लक असते. मोठा गोल लांबपर्यंत धरून ठेवतो. या घटत्या ओढीविरुद्धचे काम अनंतापर्यंत मोजले, तर ते पूर्ण ओढ फक्त एका त्रिज्येएवढ्या अंतरापर्यंत टिकल्यासारखे भरते. या विषयात याहून सुंदर गोष्ट मला दिसत नाही. सूत्रातले दोन येतात ते गतिज ऊर्जेतल्या निम्म्यामुळे.

तू म्हणशील, रॉकेट कुठे जमिनीवरून इतक्या वेगाने निघते? निघत नाहीच. मुक्तिवेग ही एकदा फेकून दिलेल्या, पुढे कोणी न ढकललेल्या वस्तूची अट आहे, तीही हवेचा विरोध वगळून. इंजिन असेल तर ऊर्जा हप्त्याहप्त्याने देता येते. २०२३ मध्ये चांद्रयान-३ ची कक्षा अशीच टप्प्याटप्प्याने वाढवत नेली. पण ओढीविरुद्धचे काम हप्ते पाडल्याने माफ होत नाही.

आता शुक्र आणि युरेनस घे. शुक्राच्या पृष्ठभागावर आणि युरेनसच्या वरच्या वायुथरापाशी गुरुत्वत्वरण ८.९ च्या आसपास आहे. त्रिज्या ६,०५२ आणि सुमारे २५,४०० किलोमीटर. आकडेमोड करण्याआधी मुक्तिवेगांचे गुणोत्तर अंदाजाने लिहून ठेव, मग गणित कर, आणि दोन्ही मला पाठव.

तुझा मामा