कापडाचा फोटो : छोटा फुल-फ्रेम कॅमेरा की मिडीयम फॉरमॅट?

भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीचा पुष्कळ माल आता फोटोवर पसंत होतो. रंग किंवा पोत वेगळा निघाला की पार्सल परत येते आणि दोन्ही वेळचे भाडे बहुधा आपल्याच अंगावर पडते. म्हणून कॅमेऱ्याचा प्रश्न आपल्यासाठी शौकाचा नसून हिशेबाचा आहे. "मिडीयम फॉरमॅट"चे नाव सांगून फोटोग्राफर जास्त दर लावतो, तेव्हा त्या दरात आपल्या पदरी काय पडते हे व्यापारी बंधूंनी समजून घ्यावे.

फिल्मच्या जमान्यात हा फरक मोठा होता. ३५ मि.मी. फिल्मचे चित्र ३६ × २४ मि.मी.चे, तर मिडीयम फॉरमॅटचे चौकोनी चित्र ५६ × ५६ मि.मी.चे, म्हणजे क्षेत्रफळाने साडेतीन पटीहून अधिक. आज फुल-फ्रेम सेन्सर ३६ × २४ मि.मी.चाच आहे, पण मिडीयम फॉरमॅटमध्ये सर्रास मिळणारा सेन्सर ४४ × ३३ मि.मी.चा असतो. तो सुमारे १.७ पट भरतो. नावाचा रुबाब जुना राहिला, माप मात्र आटले.

२०२५ साली दोन छोटे कॅमेरे बाजारात आले. सोनीचा आर-एक्स-वन-आर थ्री हा फुल-फ्रेम, ६१ मेगापिक्सेल, वजन सुमारे ५०० ग्रॅम. फुजीफिल्मचा जी-एफ-एक्स-१००-आर-एफ हा मिडीयम फॉरमॅट, १०२ मेगापिक्सेल, वजन सुमारे ७३५ ग्रॅम. अमेरिकेत दोन्हींची जाहीर किंमत ५ हजार डॉलरच्या आसपास होती. दोन्हींच्या सेन्सरवरील एकेका पिक्सेलचा आकार सारखाच आहे, ३.७६ मायक्रॉन. आपल्या भाषेत बोलायचे तर सूत तेच, रीड-पिक तेच, फक्त फुजीचा पन्हा मोठा. जुना २४ मेगापिक्सेलचा फुल-फ्रेम घेतला तर पन्हा सोनीइतकाच, पण वीण विरळ.

याचा परिणाम कापडावर कसा दिसतो? एक मीटर रुंदीचे कापड पूर्ण चौकटीत घेतले, तर २४ मेगापिक्सेलमध्ये इंचाला सुमारे १५२ पिक्सेल येतात, ६१ मध्ये २४१ आणि १०२ मध्ये २९६. एका धाग्याला किमान दोन पिक्सेल लागतात. कापडात इंचाला १०० ताणे असतील तर २४ वाला कमी पडतो आणि फोटोत खोट्या लाटा उठतात. मलमलीचे दोन थर एकावर एक धरले की दिसतात, तशाच. त्याला मॉयरे म्हणतात. हा शब्दही लाटांची झळाळी असलेल्या रेशमी कापडावरूनच आला आहे. १०० ताण्यांना ६१ आणि १०२ दोन्ही पुरतात. १४० ताण्यांच्या बारीक कापडाला मात्र ६१ वाला फसतो आणि १०२ वाला जेमतेम निभावतो. इथे मोठ्या पन्ह्याचा फायदा खरा आहे, त्यात शक नाही. पण कॅमेरा पुढे नेऊन ७० सें.मी. कापडच चौकटीत घेतले, तर ६१ वाल्यातही इंचाला सुमारे ३४५ पिक्सेल येतात. या दोन्ही कॅमेऱ्यांत लाटा दाबणारी गाळणी नाही. तेव्हा फोटो पडद्यावर पूर्ण मोठा करून तपासावा. लाट दिसली तर अंतर किंवा कोन थोडा बदलून पुन्हा घ्यावा.

कॅटलॉगचे ए-फोर पान ३०० डीपीआयने छापायला सुमारे पावणेनऊ मेगापिक्सेल लागतात, जोडपानाला साडेसतरा. बाकीचे पिक्सेल छापखान्यात गळतात. मोबाईलवर पाठवलेल्या फोटोत तर तिन्ही कॅमेऱ्यांचा फरक ओळखू येणार नाही.

मोठ्या सेन्सरला सारख्याच एक्स्पोजरमध्ये एकूण प्रकाश जास्त मिळतो, त्यामुळे काळ्या सॅटिनच्या सावलीतले बारकावे स्वच्छ येतात. पण अंधाऱ्या दुकानात हिशेब उलटतो. सोनीची लेन्स एफ-टू आहे, फुजीची एफ-फोर. तेवढ्याच शटरमध्ये सोनीच सुमारे अडीच पट प्रकाश गोळा करतो. शिवाय दोन्हींची लेन्स पक्की बसवलेली आणि रुंद दृष्टीची. जवळून घेताना कॅमेरा जरा तिरका झाला तरी काठ तिरपा दिसतो. नुसत्या कापडाच्या कामाला लेन्स बदलता येणारा फुल-फ्रेम आणि त्यावर मॅक्रो लेन्स मला जास्त किफायतशीर वाटते.

रंगाची तक्रार बहुतेक वेळा कॅमेऱ्याची नसतेच, दिव्याची असते. ट्यूबखाली जुळलेले दोन रंग उन्हात वेगळे पडतात, हे आपले रंगारी जाणतात. एकाच जातीचे दिवे लावावेत आणि प्रत्येक लॉटच्या पहिल्या फोटोत कापडाजवळ राखाडी कार्ड ठेवावे. सफेद मालात नीळसर चमक देणारे रसायन असेल तर फ्लॅशने तो आणखी निळा दिसू शकतो.

मिडीयम फॉरमॅटचा दर कुठे द्यावा? जुन्या हिमरूचा किंवा पैठणीचा तुकडा पुन्हा विणायचा असेल आणि नक्षीतले धागे फोटोवरून मोजायचे असतील, तिथे बेशक द्यावा. असे तुकडे साठवून एका दिवसासाठी कॅमेरा भाड्याने आणला तर खर्च वाटला जातो.