तारखेचं शून्य

सी मध्ये फंक्शनच्या आत टाइम_टी प्रकारचं व्हेरिएबल नुसतं डिक्लेअर केलं, तर त्यात मेमरीतला कचरा असतो. म्हणून आपण शून्य भरतो. पण हे शून्य म्हणजे ‘वेळच नाही’ असं नव्हे! लिनक्स १ जानेवारी १९७० च्या ग्रीनिच मध्यरात्रीपासून सेकंद मोजतं. तेव्हा आपल्या तळेगावात पहाटेचे ५.३० वाजले होते.

आता हॉस्टेलच्या रजिस्टरचा प्रोग्राम घ्या. लोणावळ्याला गेलेला मुलगा रात्री परतलेलाच नाही, पण स्क्रीनवर ‘परत : १-१-१९७०, ५.३०’. रेक्टर निश्चिंत, शोध कोण घेणार? म्हणून मी डेटाबेसमध्ये ती जागा नल ठेवतो, आणि सी मध्ये ‘परतला का?’ हा वेगळा फ्लॅग. माहीत नसलेली वेळ कोरीच दिसली पाहिजे.