समुद्राला कुंपण नसते



नकाशावर देशांच्या सीमा ठळक रेघांनी दाखवतात. पाण्याला त्या दिसत नाहीत. हिंदी महासागरातला एक मोठा प्रवाह पश्चिमेकडे वाहत मादागास्करला येतो आणि तिथे त्याला दोन फाटे फुटतात. उत्तरेकडच्या फाट्याचे पाणी टांझानिया आणि केनियाच्या किनाऱ्याला पोचते. म्हणजे एकाने घाण केली, तर त्रास शेजाऱ्यालाही. मग समुद्राची राखण कोणी करायची?

यासाठी १९८५ साली नैरोबी येथे एक करार झाला. सर्व मान्यता मिळून तो अमलात यायला मात्र १९९६ साल उजाडले. आज त्यात दहा देश आहेत : सोमालिया, केनिया, टांझानिया, मोझांबिक, दक्षिण आफ्रिका, मादागास्कर, कोमोरोस, सेशेल्स, मॉरिशस आणि फ्रान्स. फ्रान्स कसा? कारण तिथले रियुनियन बेट फ्रान्सचे आहे!

दोन संगणकांनी एकमेकांशी कसे बोलायचे, याचे नियम आम्ही संगणकवाले आधीच ठरवतो. त्यांना प्रोटोकॉल म्हणतात. या करारालाही प्रोटोकॉल जोडलेले आहेत. त्यांतला एक सांगतो, की समुद्रात तेल सांडले तर शेजाऱ्यांना कळवा आणि एकमेकांना मदत करा.

अशी वेळ खरोखर येते. आपली मराठी माणसे ज्या मॉरिशसमध्ये पिढ्यान्‌पिढ्या राहतात, तिथे २५ जुलै २०२० रोजी ‘वाकाशिओ’ हे जहाज प्रवाळावर चढून अडकले. मालक जपानी, झेंडा पनामाचा, किनारा मॉरिशसचा! ६ ऑगस्टपासून सुमारे १,००० टन तेल समुद्रात गेले. लोकांनी उसाचे पाचट कापडात भरून लांबलचक उशा शिवल्या आणि तेल अडवायला पाण्यात सोडल्या. रियुनियनहून, भारतातून आणि जपानहून मदत आली.

पाचट हाताशी होते, म्हणून लोक लगेच कामाला लागले. पण जहाजातले उरलेले तेल उपसायला पंप, बोटी आणि जाणकार माणसे लागतात. एकट्या लहान देशाकडे हे सगळे नसते. म्हणून कोणी काय द्यायचे, हे आग लागण्यापूर्वीच ठरलेले बरे. विहीर नंतर खणून काय उपयोग?

शब्दार्थ : पाचट – उसाची वाळलेली पाने. प्रवाळ – समुद्रातले बारीक जीव. त्यांच्या सांगाड्यांचे खडक बनतात.

घरी करा : आईबाबांबरोबर नकाशात दहाही देश शोधा. कोणत्या देशाला समुद्रकिनाऱ्याची एकच बाजू आहे आणि कोणता देश चहूबाजूंनी पाण्याने वेढलेला आहे, ते मराठीत लिहून आणा.