कॅमेऱ्याचा पट्टा : निवड, जोडणी आणि निगा

फिल्मवर चित्र घेणारा कॅमेरा निवडताना आपण त्याच्या भिंगाची पारख करतो, शटरचा आवाज कान देऊन ऐकतो, फिल्म पुढे सरकविणारी तरफ फिरवून पाहतो. पट्ट्याचा विचार सर्वांत शेवटी होतो, किंवा होतच नाही. वस्तुतः दिवसभराच्या छायाचित्रणात कॅमेरा डोळ्याशी असतो तो काळ काही मिनिटांचाच. उरलेला सर्व वेळ तो पट्ट्याच्या आधाराने आपल्या अंगावर वागविला जातो. म्हणून पट्टा हा कॅमेऱ्याचा केवळ अलंकार नव्हे, तो त्याचा एक अवयवच होय.

आज या अवयवाचे महत्त्व पूर्वीपेक्षा अधिक आहे. अनेक विद्यार्थ्यांनी ज्यावर छायाचित्रणाचे पहिले धडे गिरविले तो पेन्टॅक्स के-१००० हा कॅमेरा १९७६ पासून १९९७ पर्यंत तयार होत होता. त्यानंतर त्याचे, आणि त्याच्या बहुतेक समकालीनांचेही, उत्पादन बंद पडले. असा कॅमेरा दगडी फरशीवर आपटला तर त्याचे सुटे भाग दुसऱ्या एखाद्या निकामी कॅमेऱ्यातूनच काढावे लागतात. शिवाय त्याच्या पोटात छत्तीस चित्रांची, अद्याप न धुतलेली फिल्म असते. ती प्रकाशाने खराब झाली तर गेलेला प्रसंग पुन्हा घडवून आणता येत नाही. तेव्हा पट्टा निवडताना जोडणी, लांबी, रुंदी, द्रव्य आणि अखेरीस रूप, या क्रमाने विचार करणे इष्ट ठरते.

पूर्वपीठिका

१९२५ मध्ये बाजारात आलेल्या पहिल्या लायका कॅमेऱ्याला पट्टा अडकविण्याची सोयच नव्हती. तो चामड्याच्या पेटीत ठेवीत आणि पट्टा त्या पेटीला असे. १९३३ च्या लायका ३ या कॅमेऱ्याच्या दोन्ही बाजूंना धातूचे लहान खुंट बसविण्यात आले. या खुंटांना आपण ‘कान’ म्हणू. तेव्हापासून कॅमेरा पेटीवाचून थेट गळ्यात घालता येऊ लागला.

१९२९ मध्ये अवतरलेल्या रोलायफ्लेक्सची रीत निराळी. त्यातील चित्र वरून, मान खाली घालून, काचेवर पाहावे लागते. पट्टा गळ्यात घालून कॅमेरा किंचित खाली ओढला की पट्टा ताठ होतो आणि कॅमेरा स्थिर राहतो. येथे पट्टा केवळ भार वाहत नाही, तो चित्र काढण्याच्या क्रियेत भाग घेतो. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकलेल्या आणि भारतातील पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार म्हणून ओळखल्या जाणाऱ्या होमाई व्यारावाला (१९१३–२०१२) यांच्या हातातही रोलायफ्लेक्स असे. गर्दीत उभे राहून काम करणाऱ्यास कॅमेरा छातीशी स्थिर ठेवणारा पट्टा किती उपयोगी पडतो, याची यावरून कल्पना यावी.

जोडणी

साखळीचे बळ तिच्या सर्वांत कच्च्या कडीइतके असते. पट्ट्याचेही तसेच आहे. चामडे किंवा नायलॉन मधोमध तुटल्याचे क्वचितच ऐकू येते; पट्टा निसटतो तो कडीपाशी, शिवणीपाशी किंवा बकलापाशी. एक साधे गणित पाहू. एक किलोग्रॅम वजनाचा कॅमेरा हातातून सुटून दहा सेंटिमीटर खाली आला आणि पट्ट्याने त्याला पुढील दोन सेंटिमीटरांत थांबविले, तर त्या क्षणी जोडणीवर सरासरी सहा किलोग्रॅम वजनाइतका ताण येतो. रोजच्या वापरात न जाणवणारी कच्ची कडी नेमकी अशा वेळी दगा देते.

जुन्या कॅमेऱ्याचे कान प्रथम बारकाईने पाहावेत. पोलादी कडी वर्षानुवर्षे घासल्याने मऊ पितळेच्या कानात खाच पडलेली आढळते. खाच खोल असेल तर नव्या पट्ट्याआधी कानाची दुरुस्ती करून घ्यावी. किल्ल्यांच्या जुडग्याला असते तशी दुहेरी वेढ्याची कडी बसविताना ती नखाने फार फाकवू नये. एकदा वेडीवाकडी झालेली कडी पुन्हा घट्ट मिटत नाही. कडी आणि कॅमेऱ्याचे अंग यांच्यामध्ये चामड्याची लहान चकती ठेवली तर रंग खरवडला जात नाही.

नायलॉनच्या पट्ट्याला बहुधा तीन दांड्यांचे सरकते बक्कल असते. त्याचे टोक बकलातून केवळ एकदा ओवून चालत नाही. ते परत फिरवून पट्ट्याच्या थराखालून काढावे आणि निदान पाच-सहा सेंटिमीटर शेपूट बाहेर ठेवावी. शेपूट आखूड ठेवणे दिसायला नीटनेटके वाटते, पण ती हळूहळू सरकून निसटते.

काही पट्टे कॅमेऱ्याच्या तळाशी, तिपाईसाठी असलेल्या आट्यांत स्क्रूने बसवितात. कॅमेरा कमरेशी उलटा लटकतो व झटकन वर उचलता येतो, ही त्यांची सोय. परंतु चालताना बसणाऱ्या हिसक्यांनी तो स्क्रू सैल होऊ शकतो. म्हणून तो वारंवार चाचपून पाहावा. शिवाय १९५९ च्या निकॉन एफची पाठ तळासकट निघते आणि लायकाच्या एम मालिकेतील फिल्म-कॅमेऱ्यांत तळाचे झाकण काढून फिल्म भरावी लागते. अशा कॅमेऱ्यांना तळाशी पट्टा जोडला तर प्रत्येक नव्या फिल्मच्या वेळी तो सोडावा लागेल. चामडी पेटीलाच पट्टा असेल तर पेटीचा तळाचा स्क्रू हाच साऱ्या भाराचा आधार होय, हेही विसरू नये.

लांबी

लांबी ठरविण्याचा सोपा उपाय घरातच आहे. कॅमेऱ्याइतके वजन होईल एवढे पाणी एका बाटलीत भरावे, तिला जाड सुतळी बांधावी आणि ती गळ्यात किंवा तिरपी खांद्यावर घालून घरात अर्धा तास वावरावे. जिना चढावा, खाली वाकावे, बाटली डोळ्यांपर्यंत उचलून पाहावी. जी लांबी त्रास देणार नाही तीच आपली.

पुढे गळ्यात घालावयाचा पट्टा कॅमेरा छातीच्या खालच्या भागाशी राहील एवढा असावा. फार लांब असेल तर वाकताच कॅमेरा पुढे झुलतो आणि टेबलावर किंवा दगडावर आदळतो. तिरपा घालण्याचा पट्टा अधिक लांब लागतो, कारण तो न काढता कॅमेरा डोळ्याशी आला पाहिजे. दोन कॅमेरे वागविणाऱ्यांनी दोन्ही पट्टे वेगवेगळ्या लांबीचे ठेवावेत, म्हणजे ते एकमेकांवर आपटत नाहीत.

सैल पट्ट्याचे आणखी दोन धोके फिल्म-कॅमेऱ्याच्या बाबतीत विशेष आहेत. के-१००० किंवा ऑलिम्पस ओएम-१ यांसारख्या कॅमेऱ्यांत फिल्म परत गुंडाळण्याची मूठ वर ओढली की पाठ उघडते. पिशवीत कोंबलेल्या कॅमेऱ्याचा पट्टा त्या मुठीत अडकून हिसका बसला तर फिल्मवर प्रकाश पडण्याचा संभव असतो. दुसरे असे की, ज्या कॅमेऱ्यांत दृश्य भिंगातून न दिसता वेगळ्या खिडकीतून दिसते, त्यांत भिंगासमोर लोंबणारा पट्टा छायाचित्रकाराला दिसतच नाही. फिल्म धुतल्यावर चित्राच्या कोपऱ्यात काळी सावली उमटलेली आढळते, आणि तेव्हा इलाज उरलेला नसतो. कॅमेरा उभा धरताना पट्टा मनगटाभोवती एक वेढा देऊन घ्यावा. त्याने सावली टळते आणि हातही स्थिर होतो.

रुंदी

नेहमीच्या भिंगासह के-१००० चे वजन सुमारे ८०० ग्रॅम भरते. पट्टा मानेवर पंधरा सेंटिमीटर टेकतो असे धरू. तो एक सेंटिमीटर रुंद असेल तर प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर सुमारे ५३ ग्रॅम भार येतो. चार सेंटिमीटर रुंद असेल तर अवघा १३ ग्रॅम. मात्र रुंदी हवी ती मानेवर किंवा खांद्यावर. कानांजवळ पट्टा अरुंदच असावा, नाही तर तो बोटांच्या आड येतो. खिशात मावणाऱ्या हलक्या कॅमेऱ्याला अरुंद पट्टा किंवा मनगटातील फासही पुरतो. उलट अडीच किलोग्रॅमच्या आसपास वजन असलेला मामिया आरबी-६७ मानेवर न घेता खांद्यावरच घ्यावा.

द्रव्य

चामडे. झाडाच्या सालींनी कमाविलेले चामडे प्रारंभी ताठ असते, वापराने मऊ होते आणि त्याचा रंग गडद होत जातो. हेच त्याचे सौंदर्य. परंतु कोकणात किंवा केरळात पावसाळ्यात त्यावर बुरशी चढते. ओल्या चामड्यावर लोखंडी बक्कल टेकले तर काळा डाग पडतो, आणि पितळी बकलाभोवती हिरवट थर साचतो. गडद रंगाचे नवे चामडे घामाने पांढऱ्या सदऱ्यावर रंग सोडते. पांढरे ओले फडके घासून हे आधीच पाहून घ्यावे.

सूत. खाटेला विणतात त्या नवारीसारखी जाड सुती पट्टी मानेला सुखद असते, घाम टिपते आणि घसरत नाही. ती साबणाने धुता येते. भिजल्याने सुताचे बळ कमी होत नाही. मात्र ओले सूत तसेच गुंडाळून ठेवल्यास कुजते.

नायलॉन. बळकट, हलके आणि लवकर वाळणारे. परंतु ते खांद्यावरून घसरते आणि त्याची धार मानेला घासते. मानेच्या जागी सुती किंवा चामडी गादी शिवली तर हा दोष पुष्कळ कमी होतो. प्लॅस्टिकचे अस्तर मात्र टाळावे. ते उन्हाळ्यात चिकट होते आणि लडाखसारख्या थंड प्रदेशात ताठरून त्याला भेगा पडतात.

रूप

एवढ्या कसोट्या पार पडल्यावर रूपाचा विचार निःसंकोचपणे करावा. १९७० च्या सुमारास रंगीत वेलबुट्टीचे रुंद विणीचे पट्टे पाश्चात्त्य देशांत लोकप्रिय झाले आणि आज त्यांना पुन्हा मागणी आहे. ते मोहक खरेच, पण पुष्कळदा त्यांच्या टोकांना धातूचे मोठे आकडे असतात आणि ते कॅमेऱ्याच्या अंगावर ओरखडे काढतात. ते आकडे काढून त्या जागी चामडी टोके शिवून घ्यावीत.

आपल्या देशात सुंदर पट्ट्यांची वाण नाही. कुलूच्या शालीची किनार, कच्छी भरतकाम, जुन्या साडीचा काठ, यांतील काहीही नवारीवर शिवून घेता येते. पथ्य एकच : भार नवारीने वाहावा, काठाने नव्हे. आभले, टिकल्या व जर भिंगाजवळ येऊ देऊ नयेत. सराफा-बाजारात किंवा जत्रेत चित्रे घेणाऱ्याने भडक पट्टाही टाळावा. ज्यांचे सहज चित्र घ्यावयाचे त्यांचे लक्ष आधी त्या पट्ट्याकडेच जाते.

निगा

महिन्यातून एकदा पट्टा पूर्ण सोडून कड्या, शिवण आणि भोके पाहावीत. शिवणीचा एक टाका उसवला तर पट्टा त्याच दिवशी मोच्याकडे न्यावा. चामड्याला तेल अगदी बेताने लावावे. जास्त तेलाने ते सैल पडते व ताणते. पावसाळ्यात चामडी पट्टा व पेटी कॅमेऱ्यापासून वेगळी ठेवावी, कारण चामड्यात मुरलेली ओल भिंगावर बुरशी आणते.

नवा पट्टा लावल्यावर पहिली परीक्षा घरीच, पलंगावर घ्यावी. कॅमेरा गादीपासून वीतभर उंच धरून पट्टा दोन्ही हातांनी चार-पाच वेळा हिसकावा आणि प्रत्येक जोड पुन्हा तपासावा. ही परीक्षा पाच मिनिटांत संपते. तिच्यात पट्टा टिकला तर रस्त्यावर, गर्दीत वा डोंगराच्या कड्यावर त्याच्याकडे वारंवार लक्ष द्यावे लागत नाही, आणि छायाचित्रकाराची नजर समोरच्या दृश्यावर राहते.